आधी बटणं परत ठेवा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. झाकणावरची फुलं कधीच पुसली गेली, एका कोपऱ्याला पोचाही आलाय. पण माझ्या पोटातल्या दोन कप्प्यांनी मोठं काम केलं आहे.

मूळचा मी शिवणकामाचा. डॉक्टरबाईंच्या आई माझ्यात बटणं ठेवायच्या. त्या गेल्यावर बाईंनी मला दवाखान्यातल्या टेबलावर आणलं. तिथे रक्ताचे जन्मजात आजार असलेली मुलं यायची.

एकदा एक आजी सून आणि नातीला घेऊन आल्या. नातीच्या अंगात पुरेसं रक्त तयारच होत नसे, सारखं बाहेरून चढवावं लागे. सुनेला पुन्हा दिवस गेले होते. पोटातल्या बाळाची तपासणी करा, असं बाई सांगत होत्या. आजी ऐकतील तर शपथ!

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, चारात एक बाळ आजारी? ते एक झालं आमचं. आता पुढची धडधाकट. आणि हे आलंय हिच्या माहेरून. आमच्याकडे कुणाला साधी शिंक येत नाही!"

सून मान खाली घालून लेकीच्या वेणीची रिबीन सोडत होती, बांधत होती.

बाई चिडल्या नाहीत. कधीच चिडत नसत. त्यांनी माझ्या दोन्ही कप्प्यांत एकेक पांढरं आणि एकेक निळं बटण टाकलं.

"हा कप्पा तुमच्या मुलाचा, हा सुनेचा. निळं म्हणजे आजाराचं. एकच निळं असलं तर माणूस ठणठणीत, त्याला पत्ताही नसतो. दोन्हीकडून निळं आलं की बाळ आजारी. मिटा डोळे, काढा एकेक."

दोन्ही निळी आली.

"ही आमची थोरली," आजी म्हणाल्या आणि आत डोकावून एकदम खुलल्या. "बघा! उरली ती पांढरीच. मी काय म्हणत होते?"

"थांबा आजी. आधी बटणं परत ठेवा. दर बाळाच्या वेळी डबा पुन्हा भरलेला असतो."

आजींनी बटणं ठेवली, डोळे मिटले, हात घातला. पुन्हा दोन्ही निळी. आजी त्यातलं एक बटण बोटांत फिरवत राहिल्या.

"हे माझ्या लेकाच्या कप्प्यातलं," त्या हळूच म्हणाल्या. मग सुनेकडे वळल्या. "इतकी वर्षं तुला बोलले, तू एकदा तरी उलटून बोलायचंस गं!"

तपासणी त्याच आठवड्यात झाली. बाळाकडे एक पांढरं, एक निळं होतं, आईबाबांसारखंच. ते ठणठणीत जन्मलं. नातीचे उपचार चालू राहिले. तीही उंच झाली, भांडकुदळ झाली.

आता बाई थकल्या आहेत, मीही गंजलो आहे. पण त्यांच्यासारखं शांतपणे समजावणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. मुलांनो, आजारी बाळ पाहून त्याच्या आईकडे बोट दाखवू नका. डब्यात हात घालून कुणी बटण निवडत नसतं.

आजी अजून नातीबरोबर येतात. बाहेरच्या बाकावर एखादी सासू कुरकुरू लागली, की त्यांचा खणखणीत आवाज माझ्यापर्यंत पोहोचतो, "अहो बाई, आधी बटणं परत ठेवा!"