चौथी वायर

आनेलीने प्लगच्या वायरींचे दोन संच स्पेअर पार्टच्या दुकानातल्या काउंटरवर ठेवले आणि दुकानदार कॉनीकडे सरकवले.

"यातल्या कुठल्या वायरींनी गाडी चालू होईल, तेवढंच सांग."

"दोन्ही." कॉनीने चष्मा कपाळावर चढवला. "या कार्बनच्या लाव, म्हणजे रेडिओ नीट ऐकू येईल. या तांब्याच्या लाव, म्हणजे रेडिओ नुसता खरखरेल, पण ठिणगी दणदणीत. तुझ्या म्हाताऱ्या बापाने इंजिनाला काय केलंय असं? दोन कार्बोरेटर आणि जरा तिखट कॅमशाफ्ट. तेवढ्याला काहीही चालतं."

"कार्बनच्या नेल्या होत्या. नाही चालल्या. परवा जाड नेल्या, त्याही नाही."

कॉनी हसला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, तरी त्याने आवाज खाली आणला.

"आनेली, अख्ख्या तालुक्यात कुणाची गाडी अडखळायला, मिसिंग करायला लागली की लोक सिक्स्टनला फोन लावायचे आणि रिसीव्हर बॉनेटखाली धरायचे, नुसत्या आवाजावरून तो बिघाड सांगायचा. आणि त्याला प्लगच्या वायरी जमत नाहीत? म्हातारा तुला सोडायला तयार नाही, दुसरं काय!"

आनेलीने तांब्याच्या वायरी उचलल्या आणि ती बाहेर पडली.

हा संशय तिला आला नव्हता असं नाही. वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा ती चार दिवसांच्या कपड्यांनिशी गोथेनबर्गहून आली होती. बर्फ वितळला, बर्च झाडांना पानं फुटली, तरी ती इथेच होती. गोथेनबर्गच्या दातांच्या दवाखान्यात तिची नोकरी जूनअखेरच्या मिडसमर सणापर्यंतच राखून ठेवणार होते. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात सिक्स्टनसाठी खोली मिळाली होती, जुनी व्होल्व्हो घ्यायला वेस्तेरोसचा एक माणूस एका पायावर तयार होता. अडलं होतं ते एवढ्यावरच, की मिसिंग करणारी गाडी सिक्स्टन कुणाला देणार नव्हता, आणि गाडी दिल्याशिवाय घर सोडणार नव्हता. हिवाळ्याच्या सुरुवातीला त्याने जुन्या, चिरा पडलेल्या वायरी काढून फेकल्या आणि नव्या लावायच्या आत त्याला झटका आला. गाडीला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला खपत नसे. आनेलीने कॉफी करायची, नट-बोल्टचे पाने हातात द्यायचे, दिवा धरायचा. रोज सकाळी त्या घराच्या छताकडे बघताना तिला गुदमरल्यासारखं होई, आणि मग तसं वाटल्याची लाज वाटे.

गॅरेजमध्ये सिक्स्टन गाडीच्या नाकाशी स्टुलावर बसून होता. डावा हात मांडीवर ठेवून दिलेला.

"तांब्याच्या आणल्यास? शाबास. आता बघ कशी बोलते ती. जा, कॉफी टाक."

कॉफी होईपर्यंत ती खिडकीतून पाहत राहिली. तो उजव्या हाताने एकेक वायर दाबून बसवत होता. घाई नव्हती, धडपड नव्हती. चाळीस वर्षं ज्याने हेच केलं, त्याचाच तो हात होता.

ती कप घेऊन आली, स्टीअरिंगमागे बसली आणि किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, कार्बोरेटरमधून फटाका फुटल्यासारखा आवाज आला आणि सगळं थंडावलं. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"वायरीच खराब," सिक्स्टन म्हणाला. "हल्ली कुठे मिळतो चांगला माल?"

आनेली खाली उतरली. या खेपेला तिने दिवा त्याच्या हाताशी धरला नाही, स्वतःच वाकली. प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातून निघणाऱ्या वायरींवरून ती बोट फिरवत गेली. पहिली पहिल्या सिलिंडरला. तिच्या पुढची दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. आणि चौथी चौथ्याला, सरळ ओळीने.

असा क्रम नसतोच. एक-तीन-चार-दोन. शाळेत आकडे शिकण्याआधी तिला हा क्रम पाठ होता. सिक्स्टन तिच्या वेण्या घालायचा तोच मुळी तो क्रम म्हणत, आणि ती चुकली की वेणी हलकेच ओढायचा. इंजिनात ठिणगी याच क्रमाने पडते, हे त्या माणसाच्या हातून चुकणं शक्यच नव्हतं. म्हणजे कॉनी खरं बोलत होता. तीन-तीन वेळा तिला दुकानात पिटाळून हा इथे बसून मजेत वायरी उलटसुलट करत होता.

"बाबा, मुद्दाम केलंस?"

"काय?"

"मला इथे अडकवून ठेवायला. सरळ सांगायचं होतंस, थांब म्हणून. मी भांडले असते, पण निदान..." तिचा आवाज चिरकला. "क्रम सांग."

"कसला क्रम?"

"वायरींचा. सांग मला."

सिक्स्टनने तिच्याकडे जरा वैतागून पाहिलं. लहानपणी ती दिवा भलतीकडे धरायची तेव्हा पाहायचा, अगदी तसंच. मग त्याने उजवं बोट झाकणावर टेकवलं.

"एक. दोन. तीन. चार." बोट शांतपणे गोल फिरत गेलं. "आणखी काय असणार? बैस इथे, पुन्हा दाखवतो."

आनेली त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पत्त्यांत तो लबाडी करायचा तेव्हा ओठाचा उजवा कोपरा हमखास हलायचा. त्याला ते आयुष्यभर लपवता आलं नव्हतं. तो कोपरा आता हलेल, आता तो हसेल आणि म्हणेल, पकडलंस की गं पोरी. तिने मनातल्या मनात त्याची विनवणी केली. खोटं बोल. मला अडकवत असशील तर अडकव, पण खोटं बोलत अस.

ओठ हलला नाही. तो तिच्या उत्तराची वाट बघत होता. वाट बघता बघता त्याच्या नजरेत कसलीशी शंका उतरू लागली, आणि त्याने पुन्हा झाकणाकडे पाहिलं.

"वायरीच ना गं?" त्याने विचारलं.

"हो," आनेली म्हणाली. "वायरीच. उद्या कॉनीकडून दुसऱ्या आणते."

सिक्स्टनने निःश्वास टाकला आणि गार झालेली कॉफी चवीने प्यायला.

"मी म्हणत नव्हतो? मन छोटं करू नकोस पोरी. एकदा का ही नीट चालायला लागली, की तू मोकळी."