दब्याचं पान

दबा चाळीस हात लांब होता, वाळवंटात राहायचा, आणि दोन रविवार उलटले तरी त्याने कुणाला साधा ओरखडासुद्धा काढला नव्हता.

हे दुखणं गाळणीचं होतं. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत साहसाच्या खेळांची पुस्तकं तयार होत. मेजाभोवती चारपाच जणांनी बसायचं, एकाने खेळ चालवायचा, बाकीच्यांनी कुणी तलवारबाज, कुणी जादूगार, कुणी चोर व्हायचं, आणि फासे टाकून आपलं नशीब काढायचं. अशा खेळाला राक्षस लागतात आणि राक्षसांना नियम लागतात. दुसऱ्यांनी लिहिलेल्या नियमांतली भोकं शोधून ती बुजवायची, हे काम ती सात वर्षं करत होती. प्रत्येक कागद तिच्यातून गाळून पुढे जायचा म्हणून मास्तर तिला गाळणी म्हणत. मास्तर म्हणजे संपादक. जन्मात त्यांनी कुणाला शिकवलं नव्हतं, पण दिसेल त्या कागदावर लाल खुणा करायची त्यांना खोड होती, अगदी वाणसामानाच्या यादीवरसुद्धा.

राक्षसांच्या मोठ्या पुस्तकाला कचेरीत सगळे भुतावळ म्हणत. त्या भुतावळीत पहिल्यांदाच एक पान गाळणीचं स्वतःचं होतं. ती प्राणिशास्त्र शिकलेली, त्यात दोन वर्षं सर्पविषाच्या प्रयोगशाळेत काढलेली. त्यामुळे तिचा साप सापासारखा होता. तो वाळूत गाडून घेऊन फक्त डोळे वर ठेवून पडे. दबा धरून बसणारा म्हणून दबा. खाल्लेलं असेल तर तो महिना महिना हलत नसे. आपल्यापेक्षा मोठ्या जमावाच्या वाटेला जात नसे. हे सगळं तिने नीट लिहिलं होतं, आणि सगळं खरं होतं.

पहिल्या रविवारी चाचणीला आलेली मंडळी दब्याजवळून गप्पा मारत निघून गेली. दुसऱ्या रविवारी त्यांना तो दिसला. एकाने विचारलं, हा काही करतो का? खेळ चालवणाऱ्याने पान दोनदा वाचून सांगितलं, नाही, तो जेवलेला आहे. मग त्यांनी त्याच्या सावलीत मुक्काम केला.

हे सगळं गाळणीला भिंतीलगतच्या उंच स्टुलावरून पाहावं लागलं होतं. चाचणीचा नियमच तसा होता. पान लिहिणाऱ्याने खोलीत हजर राहायचं, पण हाताची घडी, तोंडावर बोट. पुस्तक विकत घेणाऱ्याच्या घरी लिहिणारा समजावून सांगायला जात नसतो, तेव्हा इथेही जे काही बोलायचं ते पानानेच बोलायचं. मान हलवली, घसा खाकरला, तरी पान बाद. हा नियमही तिनेच घालून दिलेला.

शुक्रवारी मास्तरांनी तिला बोलावून घेतलं. भुतावळ सोमवारी छापायला जायची होती. रविवारी तिसरी चाचणी. त्यातही साप असाच पडून राहिला तर त्या पानावर आगलाव्याचा तीन तोंडांचा अग्निसर्प जाईल, असं त्यांनी सांगितलं. आगलाव्या हा कचेरीतला दुसरा लेखक. त्याच्या हाती कुठलाही प्राणी दिला तरी तो तासाभरात आग ओकायला लागायचा. मागे त्याने एक गोगलगायसुद्धा पेटवली होती.

“तुमचा साप सज्जन आहे हो,” मास्तर म्हणाले. “पण सज्जनांना भुतावळीत कोण विचारतं?”

दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही. पेन्सिलीला टोक करत बसली, टोक झालेल्या पेन्सिलींना पुन्हा टोक केलं. आग ओकायला लावणं सोपं होतं. हल्ल्याचे आकडे दुप्पट केले असते तर दब्याने चौघांना दोन फेऱ्यांत गिळलंही असतं. पण मग तो साप राहिला नसता. आणि पान गेलं तर पुढची सात वर्षंही दुसऱ्यांच्या गोगलगायी विझवण्यात जाणार, हेही तिला स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी संध्याकाळी ती घरी स्वयंपाकघरातल्या मेजाशी कागद घेऊन बसली. आई भाजी निवडत होती. बाबा येरझाऱ्या घालत होते. चाळीस वर्षं लेथवर उभं राहून काम केलेला माणूस. चार महिन्यांपूर्वी निवृत्त झाले तेव्हापासून त्यांच्या पायाला भिंगरी लागली होती. खिडकीपाशी जायचे, बाहेर काही नाही याची खात्री करून घ्यायचे, मोरीपाशी यायचे, नळ घट्ट करायचे, दाराची कडी तपासायचे आणि पुन्हा खिडकीकडे निघायचे. नळ त्यांनी इतका घट्ट केला होता की सकाळी तो कुणालाच उघडत नसे.

“अहो, टेका की जरा,” आई म्हणाली. “तुम्हाला नको तर नको, फरशीला तरी विश्रांती द्या.”

“बसायला काय लागतं?” म्हणत बाबा खुर्चीत बसले.

गाळणीने सवयीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडतिसाव्या सेकंदाला बाबांचा अंगठा खुर्चीच्या हातावर वाजायला लागला. पंचेचाळिसाव्याला गुडघा हलू लागला. एक मिनिट व्हायच्या आत ते उठून खिडकीकडे निघाले. आईने भाजीतून मान वर न काढता सांगितलं, की मागच्या वेळेपेक्षा बरंच टिकलात.

मेजावर पाण्याने भरलेला पेला होता. बाबांच्या प्रत्येक पावलासरशी पाण्यावर एक बारीक वर्तुळ उमटत होतं. ती पेल्याकडे बघत राहिली. पाठीमागे न वळता तिला कळत होतं, बाबा आता मोरीपाशी, आता दारापाशी, आता परत फिरले. सापाला बाहेर कान नसतात. जबड्याचं हाड जमिनीला टेकलेलं असतं, आणि जमीन जे सांगते ते त्या हाडातून आत पोहोचतं. हे तिला कॉलेजात असल्यापासून ठाऊक होतं. पानावर तिने ते लिहिलंही होतं, तिसऱ्या परिच्छेदात, जिथे कुणी वाचत नाही.

दब्याने शिकारीला जायची गरजच नव्हती. माणसाला स्वस्थ बसता येत नाही, एवढं पुरेसं होतं.

तिने कोरा कागद घेतला. वाळवंटात एकच विहीर. तीन दिवस पाणी न मिळालेले प्रवासी. विहिरीपासून सहा पावलांवर वाळूखाली निजलेला दबा. आणि एकच नियम: मेजावर फासा पडला, तो कुणाचाही असो, मुद्दाम टाकलेला असो की हातातून सुटलेला, की दबा एक पाऊल विहिरीकडे सरकतो. सहावा फासा पडला की तो विहिरीत असतो. पाणी शेंदायला फासा लागतच नाही. गप्प बसून शेंदलं तर सगळे पाणी पिऊन सुखरूप जातील. साप खोटा झाला नाही, शेपटीपासून जिभेपर्यंत साप राहिला. पान पुरं झालं तेव्हा आई ताटं मांडत होती, आणि बाबा कडी तपासत होते.

रविवारी दुपारी चाचणीला नवीन मंडळी आली. खेळ चालवायला एक दातांची डॉक्टर होती, हळू बोलणारी, समोर पुठ्ठ्याचा आडोसा मांडून त्याच्यामागे पान आणि आपले फासे ठेवून बसलेली. खेळणारे तिघं. एक आडव्या बांध्याचा पोस्टमन आणि लाँड्री चालवणाऱ्या दोन बहिणी. धाकटीला हातात फासे खुळखुळवायची सवय होती. थोरली तिला सारखी दटावत होती आणि स्वतः पाय हलवत होती. गाळणी स्टुलावर जाऊन बसली. मास्तर दाराशी उभे राहिले.

डॉक्टरने नियम वाचून दाखवला. तिघांनी माना डोलावल्या, आणि लगेच धाकटीच्या हातून फासा निसटला.

“एक,” डॉक्टर म्हणाली.

सगळे हसले. दुसरा फासा थोरलीने रागाने आपटला, धाकटीला बोलता बोलता. मग हसू ओसरलं. पोस्टमनने आपलं पात्र, दोरीवाला, विहिरीत उतरवलं, कारण बादली तळाशी पडलेली होती; वर दोरी थोरलीच्या पात्राने धरली. आता कुणी फासे हातात घ्यायला तयार नव्हतं. पण फासे समोर असताना हात तरी कुठे ठेवायचे? धाकटी ओढणीला पीळ घालत होती. थोरलीचा पाय हलतच होता, मेजाला लागला, आणि कडेला ठेवलेला फासा घरंगळला. तीन. तो पडू नये म्हणून पोस्टमनने झडप घातली, त्याच्या कोपराने आणखी दोन उडाले. चार, पाच.

त्यानंतर खोलीत कुणी हललं नाही. खाली दुकानात चाकाचा आरा ठोकल्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक ठोक्याला तिघं दचकत होते. पोस्टमन दबक्या आवाजात सांगत होता: बादली भरली, दोरी बांधली, मी वर येतोय, एक हात, दोन हात. काठाला पाच हात उरले असतील, तेवढ्यात आडोशामागे टक्कन आवाज झाला.

डॉक्टरने फासा टाकला होता. कशासाठी ते तिलाही सांगता येईना. खेळ चालवणाऱ्यांची ती जुनी खोडच असते. आडोशामागे उगाच एक फासा टाकायचा आणि गंभीर चेहरा करायचा, म्हणजे समोरचे घाबरतात.

“हा माझा आहे,” ती ओशाळून म्हणाली. “आडोशामागचा. हा धरत नाहीत.”

पोस्टमनने सुटकेचा श्वास टाकला. पण धाकटी म्हणाली, पानावर तर कुणाचाही असो असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाली, कुणाचाही म्हणजे खेळणाऱ्यांपैकी कुणाचाही. मी खेळात नाहीच, मी तर वारा आहे, ऊन आहे. पानावर मेजावर असं आहे, आडोशामागे असं कुठे आहे?

“वाळूला काय कळतंय फासा कुणाचा ते?” धाकटी म्हणाली.

“तू नक्की कुणाच्या बाजूची आहेस गं?” थोरलीने विचारलं.

वाद वाढत गेला आणि मग एकदम सगळ्यांच्या माना स्टुलाकडे वळल्या. सात वर्षं लोकांच्या पानांतली असली भोकं गाळणीने झोपेतही पकडली असती, आणि स्वतःच्या पानात तिने बैलगाडी जाईल एवढं ठेवलं होतं. फासा धरला नाही तर पोस्टमन वर येणार, पाणी पिणार, आणि तिसऱ्या रविवारीही दबा उपाशी. एकदा मान हलवली की काम झालं असतं. दाराशी मास्तर तिच्याकडेच बघत होते. तिने दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि समोरच्या भिंतीवरच्या ओलीच्या डागाकडे बघत राहिली. किती वेळ गेला ते तिने पहिल्यांदाच मोजलं नाही.

“धरा,” पोस्टमन म्हणाला.

कुणाला वाटलं तो थट्टा करतोय.

“विहिरीत माझा माणूस आहे आणि मीच सांगतोय, धरा. नाही धरायचा तर मघापासून मी श्वास कशाला रोखून बसलोय?”

डॉक्टरने पान उचललं आणि शेवटचा परिच्छेद वाचला. विहिरीच्या भिंतीतली वाळू कशी आधी बारीक धारेने गळायला लागते, ती धार कशी थांबते, आणि मग तिथे काय दिसतं. धाकटीने डोळे झाकले. थोरलीने दोरी सोडायचं नाकारलं आणि तीही ओढली गेली. पोस्टमन आपल्या दोरीवाल्याचा कागद दोन्ही हातांत धरून बसला होता. सहा वर्षं सांभाळलेलं पात्र होतं, कोपरे चिकटपट्टीने जोडलेले. त्याने तो हळूच दुमडून खिशात ठेवला, आणि पुन्हा कधी खेळायचं ते विचारलं.

मंडळी गेल्यावर मास्तरांनी पानावर लाल पेनाने बरोबरची खूण केली. छापखान्याचा माणूस सोमवारची वाट न बघता आज चार वाजताच यायचा होता. गाळणीने पेन्सिल घेतली आणि नियमाखाली लिहिलं: खेळ चालवणाऱ्याचा फासाही धरावा. मास्तरांनी त्या ओळीवर हात ठेवला.

“ही ओळ असती तर ते कधीच उठून गेले असते. ऐका.”

जिन्यावर अजून वाद चालला होता. पोस्टमनचा आवाज आता डॉक्टरच्या बाजूने होता.

“मी भोक ठेवून पान देऊ?” गाळणी म्हणाली. “मी?”

पान तुमचं, तुम्हीच ठरवा, असं म्हणून मास्तर चहा सांगायला गेले.

ती खोलीत फेऱ्या मारू लागली. मेजापासून खिडकी, खिडकीपासून मेज. ओळ खोडली, पुन्हा लिहिली. प्रयोगशाळेत नोंदवहीत एखादी गोष्ट कळलेली नसेल तर तो रकाना कोरा सोडायचा असे; अंदाजाने भरणं हा तिथे सगळ्यात मोठा गुन्हा होता. आडोशामागचा फासा वाळूला ऐकू जातो का? तिला खरंच माहीत नव्हतं. पोस्टमनला वाटलं जातो, तेव्हा गेला. उद्या दुसऱ्या कुणाला वाटणार नाही. चारला दहा मिनिटं कमी असताना तिने ती ओळ खोडरबराने पुसली, वरचा चुरा फुंकला, पान पाकिटात घातलं, आणि मन बदलायच्या आत जिना उतरली.

खाली दुकानासमोर दोघी बहिणी तावातावाने भांडत होत्या. ती दिसताच धाकटी पुढे आली.

“बाई, आता तरी बोला. धरायचा की नाही?”

“तुमचं काय ठरलं?”

“ठरलंय कुठे? ही ऐकते का माझं?”

“मलाही माहीत नाही,” गाळणी म्हणाली.

मग थोरली म्हणाली, बघ, बाईंनाही माहीत नाही, म्हणजे माझंच खरं; आणि पुन्हा सुरू झाल्या. छापखान्याच्या माणसाने हॉर्न दिला. गाळणीने पाकीट त्याच्या हातात दिलं. तो निघाला, तशी ती त्याच्यामागे चार पावलं चालत गेली, थांबली, आणि परत बहिणींपाशी येऊन उभी राहिली, ऐकायला.