कोपऱ्यातला काटा

दादाने निळ्या झडपेवर बोट टेकवले आणि मोबाइलचा पडदा पुन्हा लाल झाला. चूक.

समोर बसलेल्या धाकट्या बहिणीचा जीव टांगणीला लागला होता. वायूच्या टाक्या सांभाळणाऱ्यांसाठी मोबाइलवरचा हा धडा तिनेच बनवला होता. एकटीने घेतलेले पहिले काम. पहिल्या चाचणीत बारा जण नापास झाले आणि त्यांत तिचा सख्खा भाऊ. पाच वाजता शेवटची संधी. पुन्हा नापास झाला, तर तेवीस वर्षे टाक्या सांभाळलेला दादा फाटकावर रखवालीला जाणार. विश्रांतीच्या खोलीतल्या घड्याळात साडेचार वाजून गेले होते.

"अरे, झडपेआधी दाबाचा काटा बघायचा. हे मी तुला शिकवू?"

"टाकीवर बघतोच गं. इथे काटाच नाहीये, तर बघू काय, कपाळ?"

"दे इकडे." तिने फोन उजव्या हातात घेतला, डाव्या बोटाने दाखवले. "हा काय, खाली डाव्या कोपऱ्यात."

दादाने मान डोलावली. फोन डाव्या हातात घेतला, शोधू लागला, आणि त्याचा चेहरा उतरला.

"गेला बघ. म्हातारा झालो मी."

ती त्याच्या हाताकडे पाहत राहिली. फोन धरलेला तो जाडजूड अंगठा नेमका डाव्या कोपऱ्यावर बसला होता. धडा शंभरदा तपासला होता तिने, पण दर वेळी फोन स्वतःच्याच उजव्या हातात धरून. डावखुरी म्हणून शाळेत छड्या खायची, तेव्हा मास्तरांशी भांडायला हाच दादा गेला होता.

तिने त्याचा अंगठा उचलून बाजूला केला.

काटा बघून दादा हसला. मग तिच्याकडे बघून हसू आवरले.

"कोणाला सांगू नकोस. मी फोन नीट धरतो, होतो पास. तुझं पहिलंच काम आहे."

"आणि बाकीचे अकरा?"

तिने स्वतःच्या फोनवर मोठ्या साहेबांचा नंबर लावला.

"साहेब, पाचची चाचणी थांबवा. ते नापास नाहीत. धडा चुकलाय, माझा."

दादाने आपला फोन टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि तिच्याजवळ येऊन बसला.