रक्तातलं बी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. समोरच्या पडद्यावर एका रोग्याच्या रक्ताचा थेंब ताटाएवढा होऊन पसरला होता आणि चारशे माणसं श्वास रोखून बघत होती. व्यासपीठावर रक्तगुरू उभा. नाव लोकांनी दिलेलं, आणि त्यानं ते खुशाल मिरवलेलं. पडद्यावरच्या पेशी पोकळ आहेत, वांझ आहेत, असं तो सांगत होता. मग एकवीस दिवस त्याचा काढा प्यायलेल्या दुसऱ्या रोग्याच्या बोटाला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला, मंत्रासाठी काचेवर मखमली रुमाल टाकला, काढला. आता पडद्यावर प्रत्येक पेशीच्या पोटात एक गडद ठिपका होता.

"बी धरलं," रक्तगुरू म्हणाला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

मागच्या रांगेतल्या मावशीनं टाळी वाजवली नाही. दवाखान्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त तपासून तिच्या पाठीला बाक आला होता. ती करमणुकीला आलेली नव्हती. तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी बिट्टी, वय वर्षं सहा, हिला रक्ताचा कर्करोग होता. हाडांच्या मगजात पांढऱ्या पेशी पिकायच्या आतच बेसुमार वाढत होत्या आणि बाकीच्या पेशींना जागाच ठेवत नव्हत्या. औषधांनी दुखणं आटोक्यात आलं होतं. पण पोरीचे केस गेले, तोंड आलं, पोटात पाणी ठरेना. तिच्या बापाला, मावशीच्या भाऊजींना, ते बघवलं नाही. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथं तर चारशे लोक काडीचा जयजयकार करत होते. तीन आठवड्यांपूर्वी भाऊजींनी दवाखान्याचं औषध बंद करून काढा सुरू केला. मावशीनं हातापाया पडून पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "तुमच्या औषधांनी पोरीचं काय झालं ते दिसतंय. इथं मी डोळ्यांनी बी बघितलंय."

आता ते बी मावशीनंही बघितलं होतं, आणि तिचं डोकं सणकलं होतं. माणसाची तांबडी पेशी मगजात जन्मते तेव्हा तिच्या पोटात केंद्र असतं, पण पिकता पिकता ती ते टाकून देते आणि मगच रक्तात उतरते. मोठ्या दुखण्यात एखादी कच्ची पेशी केंद्रासकट निसटते, तीही गोल असते. इथं झाडून सगळ्या पेशी लांबट होत्या आणि झाडून सगळ्यांत ठिपका. असलं रक्त पक्ष्याचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चिकनवाल्याकडे गेली. रक्त गोठू न देणारी नळी पुढे केली तेव्हा त्यानं तिच्याकडे वेड्यासारखं पाहिलं, पण भरून दिली. मग त्या दिवशीच्या सभेत भाऊजींना घेऊन ती व्यासपीठावर चढली. बिट्टीचं रक्त आजच लॅबमध्ये काढलंय, जरा सगळ्यांना दाखवा, असं तिनं सांगितलं. एवढं खोटं बोलून तिनं नळी पुढे केली.

थेंब पडद्यावर आला. ठिपकेच ठिपके. रक्तगुरूचा चेहरा क्षणभर उतरला. हे काय आहे ते त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. पण चारशे माणसं वाट बघत होती. त्यानं घसा साफ केला.

"पोरीनं बी धरलंय. आता दवाखान्याची पायरी चढायची नाही."

भाऊजी तिथंच खाली बसून हमसून हमसून रडायला लागले. आनंदानं. त्या एका मिनिटासाठी मावशीनं स्वतःला पुढे कधी माफ केलं नाही. तिनं माइक ओढून घेतला.

"ही कोंबडी आहे. सकाळी कापलेली."

रक्तगुरू म्हणाला, नास्तिकाच्या स्पर्शानं रक्त बाटलं. पुढच्या रांगेतून एक म्हातारा गवंडी उठला आणि म्हणाला की तुझंच बोट टोच, तुझं बी आम्हाला दाखव. रक्तगुरूनं दोन्ही हात मागे घेतले. तेवढ्यात मावशीनं टेबलाचा खण उघडून लोकांपुढे धरला. आत थेंब लावून तयार ठेवलेल्या बारा काचा होत्या. रुमालाखाली काच बदलायची, एवढाच तो मंत्र.

बिट्टीला त्याच दुपारी दवाखान्यात नेलं. कच्च्या पेशी पुन्हा माजल्या होत्या आणि आता औषधाला दाद देत नव्हत्या. औषध चालू राहिलं असतं तर काय झालं असतं, असं भाऊजींनी डॉक्टरांना एकदाच विचारलं. वाचण्याची आशा चांगली होती, डॉक्टर म्हणाले. सात आठवड्यांनी बिट्टी गेली.

रक्तगुरूनं दुसऱ्या शहरात दुकान मांडलंय. गर्दी तशीच आहे. भाऊजी दर रविवारी तिथल्या रांगेत जातात, एकेका माणसापाशी थांबतात. कुणी ऐकतं, कुणी ढकलून देतं. ते आवाज चढवत नाहीत.

"तो दाखवतो ते रक्त कुणाचं, ते विचारा. तेच रक्त दवाखान्यात तपासून घ्या. आणि मुलाचं औषध बंद करू नका. मी केलं होतं."