आग्नेलचा पुढचा दात

दात हलतो आहे हे आग्नेलला पहिल्यांदा कळलं ते ट्रम्पेट वाजवताना. गावच्या चर्चच्या वार्षिक सणाची, फेस्ताची, तालीम चालू होती. वरचा सूर घ्यायला त्याने माउथपीस ओठांवर दाबला आणि ओठाआडचा पुढचा दात किंचित आत गेला. सूर फाटला. शेजारी दुसरा ट्रम्पेट वाजवणाऱ्या सेलेस्तीनने मान वळवून पाहिलं. आग्नेलने ओठ पुसले आणि पुन्हा पहिल्यापासून घेऊया म्हणाला.

आग्नेल कणकवलीच्या एसटी डेपोत मेकॅनिक होता. निवृत्त झाल्यावर मालवणजवळच्या आपल्या गावी परत आला. गावच्या चर्चच्या बँडमध्ये पहिला ट्रम्पेट, म्हणजे मुख्य धून वाजवणारा, त्याचा. नोकरीत असतानाही तो फेस्ताला गावी यायचाच; तरुणपणापासून कुणी दुसऱ्याने तो वाजवला नव्हता, आणि वाजवावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

हिरड्यांतून रक्त येणं त्याला नवीन नव्हतं. ब्रश लावला की बेसिन लाल व्हायचं, म्हणून त्याने ब्रश बंद केला होता. सकाळी मीठ घेऊन बोट फिरवायचा, चूळ भरायचा, संपलं. बायकोच्या, मर्लिनच्या, लक्षात आलं ते जेवताना. कुर्ल्यांचं सार केलं होतं आणि दातांनी फोडून खायचे खेकड्याचे नांगे त्याने उचलून तिच्या ताटात ठेवले. लग्नानंतर असं कधी घडलं नव्हतं. चार दिवसांनी तिने त्याला कणकवलीला नेलं. बसमध्ये तो तिला एवढंच म्हणाला, "ट्रम्पेटचा काय्येक सांगू नको हां."

दातांची डॉक्टर संचिता मूळची देवगडची. तिने आरशाने तोंड तपासलं, एक्स-रे काढला आणि विचारलं, "ब्रश किती वेळा करता?"

"करणाच नाय," मर्लिन म्हणाली. "रगात येता म्हणान बंद केल्यान."

डॉक्टर मालवणीवर आली. "काका, रगात ब्रशान येणा नाय. दातांच्या मुळात घाण रवता, हिरडी सुजता, म्हणान येता. ब्रश बंद केलास तर ती आणखी सुजतली. मऊ ब्रश घेवा, सकाळी आणि रात्री हळू फिरवा. थोड्या दिसांनी कमी होयत."

"वरचो दात काढल्यार नजर जाता मां?" आग्नेलने विचारलं.

"नाय. दाताचो नि डोळ्यांचो काय संबंध नाय. नजर वयान कमी होता, आणि लोक दात काढतत तेंव्हा त्यांचा वय झालेलाच असता."

मर्लिन हसली. आग्नेल हसला नाही. डॉक्टरने रक्तातली साखर तपासून घ्यायला सांगितली आणि विचारलं, "तंबाखू? दुसरी कुठली सवय? दातांवर जोर येईल असं काही करता?"

"नाय," आग्नेल म्हणाला. मर्लिन खिडकीबाहेर बघत राहिली.

साखर वाढलेली निघाली. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्या साखरही आटोक्यात येऊ देत नाहीत, हे डॉक्टरने समजावलं. मग दातांवरचं कीटण काढलं. कीटण गेलं की दातांत फटी वाटतील, काही दिवस दात जास्त हलल्यासारखेही वाटतील, घाबरू नका, असंही ती म्हणाली. पण त्या वेळी आग्नेलचं लक्ष ट्रेमध्ये पडलेल्या पिवळट तुकड्यांकडे होतं.

घरी आल्यावर जीभ सारखी त्या फटींत जाऊ लागली. पुढच्या तालमीला दात आधीपेक्षा जास्त हलला.

"साफ केल्यार दात ढिले जातत," सेलेस्तीन म्हणाला. "माका इचारलंस तरी खंय?"

आग्नेलला ते पटलं. डॉक्टरने दिलेल्या पुढच्या तारखेला तो गेला नाही. डॉक्टरने दात खराब केला असं त्याने दोघा-तिघांना सांगितलं, आणि रागाने की भीतीने, रोज घरी बसून पूर्वीपेक्षा जास्त वाजवू लागला. फेस्ताला महिना उरला असताना वरचा ओठ सुजला आणि हिरडीतून पू आला.

या खेपेला मर्लिनने बसमध्ये चढताना ट्रम्पेटची पेटी स्वतःच्या हातात घेतली. डॉक्टरच्या टेबलावर तिने पेटी ठेवली आणि उघडली. "ह्यां इचारा तेका."

डॉक्टरने ट्रम्पेटकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कधीपासून?"

"पोरपणापासून."

"सांगितलं का नाही?"

"तुमी बंद करूक सांगलां असतां."

"सांगलांच असतां," ती म्हणाली. "ओठाक लावून दाखवा. वाजवू नकात."

त्याने माउथपीस सुजलेल्या ओठाला टेकवला. डॉक्टर बाजूने वाकून बराच वेळ पाहत होती. कडा बरोबर त्याच दातावर बसत होती. साफ केल्यावरच दात ढिला झाला, असं आग्नेलने माउथपीस बाजूला करून सांगितलं.

"कीटणान दात धरून ठेवलो नव्हतो," ती म्हणाली. "कीटणान मुळाकडचा हाड खाल्ल्यान, आणि त्या दातार तुमी रोज जोर देतास. हो दात आता रवाचो नाय. बाजूचे दोन बहुतेक रवतीत. मागच्यान बारीक तारेन बांधूया. पण साखर खाली येवक व्हयी आणि काय म्हयने ट्रम्पेटाक हात लावूचो नाय."

"फेस्त?"

"ह्या वर्साक नाय."

तो ट्रम्पेटच्या कळा दाबत बसला, आवाज न करता. मग म्हणाला, "काढा तर."

औषधाने सूज उतरल्यावर दात काढला. फार दुखलं नाही. फेस्ताच्या दिवशी तो मर्लिनबरोबर लोकांमध्ये उभा राहिला. बँडचा आवाज समोरून कसा येतो हे त्याला माहीत नव्हतं. पहिला ट्रम्पेट सेलेस्तीनने वाजवला. एका ठिकाणी त्याचा दम कमी पडला तेव्हा आग्नेलने श्वास धरला. मर्लिनने ते पाहिलं आणि त्याच्या दंडाला हात लावला. बाहेर पडल्यावर आग्नेल सेलेस्तीनला भेटला आणि बरं वाजवलंस म्हणाला. डॉक्टरचं नाव मात्र दोघांनीही काढलं नाही.

पावसाळा संपेपर्यंत साखर उतरली, हिरड्यांतून रक्त यायचं थांबलं. बाजूचे दात टिकले. रिकाम्या जागी खोटा दात बसला. डॉक्टरने ट्रम्पेट हळूहळू सुरू करायची परवानगी दिली, पण वरचे सूर काही केल्या लागेनात. ओठाला दात ओळखीचा वाटत नाही, असं तो मर्लिनला म्हणाला.

चर्चच्या सामानाच्या खोलीत एक बॅरिटोन, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा पितळी कर्णा, पडून होता. त्याचा माउथपीस मोठा, ओठांवर रुंद बसतो. जोर एका दातावर येत नाही. आग्नेलने तो आधी डॉक्टरला नेऊन दाखवला, मग घरी आणला. खालचे सूर त्याला कंटाळवाणे वाटले. तरी रोज बसला.

पुढच्या फेस्ताला तो बॅरिटोन घेऊन बँडच्या मागच्या रांगेत उभा होता. दोन ठिकाणी चुकला. कुणाला कळलं नाही. घरी जाताना त्याने मर्लिनला त्या दोन्ही जागा गुणगुणून दाखवल्या आणि कुठे काय व्हायला हवं होतं ते सांगितलं. ती ऐकत चालली होती.