सीटखालचं बटण

गवत कापायच्या नव्या गाडीत खोट काढायला व्हर्लिन टोलेफसनला फार शोधाशोध करावी लागली नाही. झाकण प्लास्टिकचं, पत्रा अंगठ्याने दाबला तर वाकेल असा, आणि सीटशेजारी थंड पेयाचा डबा ठेवायला खळगा. गवत कापायचंय की सहलीला जायचंय? पण सगळ्यांत वाईट ते सीटखालचं बटण. पाती फिरत असताना माणूस सीटवरून जरा उठला की इंजिन बंद. वाटेतली फांदी उचलायला उतरलं की बंद. उतारावर तोल सांभाळायला एका अंगाला कललं तरी बंद! शनिवारी सकाळी आयोवातल्या त्या गावात घरोघरी अशा गाड्यांची घरघर चाले, आणि त्यात एकट्या व्हर्लिनची गाडी उचकी लागल्यासारखी सारखी थांबे.

त्याची जुनी गाडी चौऱ्याहत्तर सालची, ओतीव लोखंडाची. वर कुणी बसलंय की नाही याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. एकदा सुरू केली की सुरू. मालक कुंपणापाशी गप्पा मारो नाहीतर आडोशाला जाऊन येवो, ती आपली चालूच. मे महिन्यात आर्डिसने, म्हणजे त्याच्या बायकोने, त्याला न विचारता ती पलीकडच्या गेलनकडे तपासायला दिली. गेलन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. त्याने गिअरबॉक्स गेल्याचं जाहीर केलं, आणि आठवड्याच्या आत हे प्लास्टिकचं ध्यान दारात उभं.

व्हर्लिनच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. गिअरबॉक्सचं तेल त्याने मार्चमध्ये स्वतःच्या हाताने बदललं होतं.

शिवाय दुसरी एक गोष्ट होती. गाडी थांबली रे थांबली की आर्डिस स्वयंपाकघराच्या दारात हजर.

"काय झालं रे?"

"फांदी."

"बरं." आणि ती आत.

थोड्या वेळाने पुन्हा बंद, पुन्हा ही दारात. एकदा हाताला कणीक तशीच, एकदा डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. नवऱ्यावर पाळत ठेवायची म्हणजे किती! ईस्टरला आलेल्या मुलीने, जोलीनने, म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या नव्या फ्लॅटांचं तोंड भरून कौतुक केलं होतं. 'गवताची कटकट नाही बाबा,' असं दोनदा म्हणाली होती. व्हर्लिनने दोन्हीची सांगड घातली. याला आता अंगणसुद्धा झेपत नाही, असं ठरवायचं. मग घर विकायचं. त्याच्या हाताने बांधलेलं, त्याने पाच वेळा रंगवलेलं घर.

गुरुवारी गेलनचं दार उघडं दिसलं तसा तो सरळ त्याच्या कोठारात घुसला. ताडपत्रीखाली जुनी गाडी होती. किल्ली तिच्यातच होती. फिरवली, आणि पहिल्या झटक्यात इंजिन धडधडायला लागलं. गेलन हातात सँडविच घेऊन धावत आला.

"गिअरबॉक्स गेला होता ना रे?"

"गेला होता. म्हणजे... आला परत."

"जन्म गेला शेजारात, पण तुला धड खोटं बोलता येईना."

"मला मध्ये घेऊ नकोस, व्हर्ल. आर्डिसला विचार. तिने रुबार्बचा केक देऊन माझं तोंड बंद केलंय."

म्हणजे कट होता तर! व्हर्लिनचं रक्त खवळलं. पण विचारलं तर ती गोड बोलून उडवून लावणार. तिला रंगेहाथ पकडायला हवं. शनिवारी त्याने बटणाच्या दोन टोकांना वायरचा तुकडा जोडला आणि बटणाचा काटाच काढला. लायलॅकच्या झुडपामागे गाडी उभी केली, पाती फिरती ठेवली आणि खाली उतरला. इंजिन तसंच घरघरत राहिलं. तो गॅरेजला वळसा घालून मागच्या दाराने आत शिरला. ही खिडकीला डोळे लावून जोलीनला फोनवर खबर देत असणार, याची त्याला खात्री होती.

आर्डिस झोपली होती. चपला काढून, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून. शेजारच्या कॉफीवर साय धरली होती. ती इतकी दमलेली आहे हे त्याच्या आजवर लक्षातच आलं नव्हतं.

फळी करकरली. तिने डोळे उघडले, त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीकडे. बाहेर गाडी घरघरत होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तू इथे आहेस," ती म्हणाली. "मग ती कशी चालू आहे?"

"बटणाला वायर जोडली. आता तू बोल. गेलनच्या कोठारात..."

तिचं लक्षच नव्हतं. "म्हणजे आवाज येत असला तरी तू सीटवर असशीलच असं नाही."

"तेच तर! जुन्या गाडीसारखं."

"हो. जुन्या गाडीसारखं," ती म्हणाली. "मे महिन्यात मी तुला कॉफी द्यायला बाहेर आले. सगळी सकाळ मी आवाज ऐकत होते, म्हटलं चाललंय याचं काम. गाडी शेडच्या भिंतीला धडका देत होती. चाकांनी खड्डे पाडले होते. सीट रिकामी. तू मागे गवतात पालथा पडलेला."

"घसरलो असेन."

"घसरलेला माणूस हाकेला ओ देतो, व्हर्लिन. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. मग तू उठलास, तोंडातलं गवत थुंकलंस आणि मला विचारलंस, आज चर्चमधून लवकर कशी आलीस. शनिवार होता."

त्याला यातलं काहीच आठवत नव्हतं.

"मग सांगायचं ना मला!"

"तू डॉक्टरकडे गेला असतास?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणून म्हटलं, निदान गाडी तरी अशी असू दे. थांबली की मी धावत येते. चालू असली की माझा जरा डोळा लागतो."

घर, फ्लॅट, कट, सगळं त्याच्या मनातून पार पुसलं गेलं. त्याला शरम वाटली, आणि त्याहून जास्त भीती.

"असं आणखी किती वेळा झालंय?" त्याने विचारलं.

"ते मला कसं कळणार? गाडी चालूच असायची."

व्हर्लिन मटकन खुर्चीत बसला. बाहेर रिकामी गाडी घरघरत होती, आणि ती बंद करायला एकट्याने जायचा त्याला धीर होईना.

"तू चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.