शिफ्टची डावी कड

माधवनगरच्या चंदनबाला मगदूम विद्यार्थ्याच्या पडद्याकडं कधी बघत नसत. त्याच्याकडं पाठ करून उभ्या राहत, नुसतं ऐकत, आणि थोड्या वेळानं म्हणत, "तुजी डावी करंगळी कामचुकार हाय रं." करंगळी खरंच कामचुकार निघायची. पस्तीस वर्षांत त्यांचा निवाडा चुकल्याचं कुणी सांगत नाही. तसं सांगणारा कुणी असलाच, तर तो निदान त्यांच्यादेखत तरी सांगणार नाही.

त्यांची टायपिंगची संस्था म्हणजे एक लांबुळकी खोली, बारा कॉम्प्युटर आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर एक जुना मराठी टाइपरायटर. परीक्षा कॉम्प्युटरवर गेली तेव्हा बाकीची मशिनं भंगारात गेली. हे एक तेवढं त्यांनी ठेवून घेतलं, कारण त्या स्वतः ह्याच्यावरच शिकल्या होत्या. सगळं माधवनगर त्यांना बाई म्हणतं. भावाचा मुलगा जिनेंद्र तेवढा आत्ती म्हणतो, आणि ह्या गोष्टीतला सगळा घोळ त्यानंच घरात आणला.

जिनेंद्र शिरवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर. तिथं कॉम्प्युटरवर गेम खेळणाऱ्यांसाठी मेकॅनिकल कीबोर्ड बनतात. म्हणजे प्रत्येक कळीखाली तिची स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःचा स्विच. नवा कीबोर्ड त्यानं एकट्यानं डिझाइन केलेला, आयुष्यातला पहिला. नवरात्रातल्या अष्टमीला तो एक खोकं काखोटीला मारून आला.

"आत्ती, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बैठक हाय. हा पास झाला तर माज्या नावानं बाजारात जाणार. न्हाईतर गेला कायमचा फडताळात."

"मग अडलंय कुठं?"

अडलं होतं ते असं. कारखान्यात एक यंत्र आहे, त्याचं लोखंडी बोट एकेक कळ लाखो वेळा दाबतं. त्या बोटापुढं कीबोर्ड पैकीच्या पैकी गुणांनी पास झाला होता. पण वापरून बघायला दिलेल्या सहा खेळाडूंपैकी दोघांनी तक्रार केली, की खेळातला आपला माणूस पळता पळता मधेच थबकतो. त्या गेममध्ये शिफ्टची कळ दाबून धरली की माणूस पळतो, सुटली की चालायला लागतो. जिनेंद्रचं ठाम मत, की कळ धडधाकट आहे, पोरांचंच बोट उचललं जातं. त्याच्या वरिष्ठ संयोगिता मॅडम त्याला म्हणाल्या, "तुझं मत नको. बोटांतलं ज्याला कळतं अशा माणसाकडून लिहून आण." आता बोटांतलं कळणारं माणूस म्हटल्यावर जिनेंद्रला दुसरं कोण सुचणार? त्याला शिकवताना टेबलावर ठेका धरता धरता आत्तीनं दोन लाकडी पट्ट्या मोडल्या होत्या.

बाईंनी कीबोर्ड टेबलावर ठेवला, वर रुमाल टाकला, रुमालाखाली हात घातले आणि डोळे मिटून अर्धा तास बडवला. जिनेंद्र दाराशी येरझाऱ्या घालत होता.

"आवाज भरीव हाय," बाई म्हणाल्या. "कळ कुठं लागली ते बोटाला सांगते. हल्लीचे कीबोर्ड कसे, शेंबडात बोट घातल्यागत. क्यू आणि पी जरा जड ठेवलेत का?"

"न्हाई आत्ती. समद्या स्प्रिंगा सारख्याच."

"मग माज्याच करंगळ्या म्हाताऱ्या झाल्या. बोलीव तक्रारवालीला."

तक्रार करणाऱ्यांतली एक निघाली शिवांजली, पलूसची, बाईंचीच जुनी विद्यार्थिनी. वडील फौजेत सुभेदार. पोरगी चार मैत्रिणींच्या संघातून स्पर्धा खेळायची, आणि सुभेदार सुट्टीवर आले की तिच्या मागं खुर्ची टाकून 'कव्हर घे, कव्हर घे' म्हणून ओरडत बसायचे. ती दुपारच्या गाडीनं आली, बाईंच्या पाया पडली आणि खेळायला बसली.

दहाव्या मिनिटाला तिचा माणूस पळता पळता थबकला आणि गोळी खाऊन पडला.

"बगा बाई! आत्ता थांबलं! मी बोट न्हाई उचललं."

बाईंनी त्या दिवशी आपला नेम मोडून हाताकडं बघितलं. पोरगी खुर्चीत घसरून बसलेली, मनगट टेबलावर टेकलेलं, पंजा बाहेर वळलेला आणि करंगळी शिफ्टच्या पार डाव्या कडेवर आडवी पडलेली.

"हे मी शिकीवलं व्हय गं तुला?" बाई कडाडल्या. "पाठ ताठ. मनगट वर. करंगळी कळीच्या मदोमद. हां. आता खेळ."

शिवांजली ताठ बसून चाळीस मिनिटं खेळली. माणूस एकदाही थबकला नाही. पोरगी मात्र एकही डाव जिंकली नाही, पण त्याकडं लक्ष द्यायला कुणाला सवड होती? जिनेंद्र टाळ्या पिटत होता. बाईंनी संस्थेच्या छापील कागदावर, एका ओळीत, वळणदार अक्षरात लिहिलं: 'दोष बोटाचा आहे, कळीचा नाही. कीबोर्ड पास.' खाली सही केली आणि गोल शिक्का मारला.

"माजाच हात वाईट असंल, बाई," शिवांजली म्हणाली आणि मनगट चोळत पलूसच्या गाडीला गेली. जिनेंद्रनं कागदाचा फोटो जागच्या जागी मॅडमना पाठवला, कागद खिशात घातला, कीबोर्ड आत्तीला भेट म्हणून ठेवला आणि शिट्टी वाजवत शिरवळची वाट धरली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी ज्याच्या त्याच्या घरी कामाची हत्यारं पुसून पूजेला मांडतात. बाई दरवर्षी कोपऱ्यातला टाइपरायटर पुसतात. तेलाचं फडकं घेऊन त्या सवयीनं एकेक कळ पुसत चालल्या आणि शिफ्टवर येऊन थांबल्या.

शिफ्टची कळ मधोमध नव्यासारखी होती. काळा रंग शाबूत, चकाकी शाबूत. डाव्या कडेला मात्र रंग उडून पांढरा पत्रा दिसत होता, आणि तो झिजून चक्क उतरता झालेला.

पस्तीस वर्षं ही कळ त्या पुसत होत्या. बघितली मात्र आज.

त्यांनी फडकं बाजूला टाकलं आणि स्टूल ओढून मशिनवर हात ठेवले. ह्या मशिनवर शिफ्ट दाबायची म्हणजे कागद धरणारा वरचा सगळा गाडा उचलायचा. करंगळीला एवढा जोर कुठला? मग पंजा हळूच बाहेर वळतो आणि करंगळी कडेवर भार टाकते. बाईंची करंगळी न सांगता, न विचारता, त्या झिजलेल्या उतारावर जाऊन चपखल बसली.

मधोमध दाबा, मधोमध दाबा, म्हणून त्यांनी हजारभर पोरापोरींच्या मागं लकडा लावला होता. एकानंही ऐकलं नव्हतं. आणि ती झीज नुसती पोरांची नव्हती, सगळ्यात जास्त वर्षं ह्या मशिनवर कोण बसलं होतं? बाईंना लाज वाटली. काल पोरीला सगळ्यांदेखत झापलं त्याची तर फारच वाटली.

पूजेच्या दिवशी हत्याराला कामाला लावत नाहीत. तरी बाईंनी सरळ जिनेंद्रचा कीबोर्ड कॉम्प्युटरला जोडला. डाव्या करंगळीनं शिफ्ट कडेवर धरली, हात जसा पडेल तसा पडू दिला आणि उजव्या हातानं इंग्रजी अक्षरं मारली. शिफ्ट दाबलेली असेल तर सगळी अक्षरं मोठीच उमटायला हवीत. शंभर अक्षरांच्या ओळीत नऊ बारकी निघाली. करंगळी मधोमध आणून पुन्हा शंभर मारली. एकही बारकं नाही.

शिफ्टची कळ लांब. दोन्ही टोकं एकदम खाली जावीत म्हणून तिच्याखाली एक तार बसवलेली असते. कडेवर भार आला की ही तार ढिली पडत होती, कळ तिरकी होत होती आणि खालचा स्विच क्षणभर सुटत होता. लोखंडी बोटाला हे कधीच कळणार नव्हतं, कारण ते बाईंच्या आदर्श विद्यार्थ्यासारखं मधोमधच दाबायचं.

काल कीबोर्डची परीक्षा झालीच नव्हती. बाईंनी पोरीचा हात दुरुस्त केला आणि कीबोर्ड त्या आडून सुटला.

त्यांनी फोन लावला. जिनेंद्रनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "आत्ती, सही तुजी हाय. शिक्का तुजा हाय. आता मागं कसं फिरायचं?"

"शिक्का माजा हाय म्हणूनच. येतीया मी."

"मग माजं काय हुईल?"

"ते मला ठावं न्हाई," बाई म्हणाल्या, आणि हे शब्द तोंडातून काढताना त्यांना फार जड गेलं. ह्या पोराला त्यांनी कडेवर खेळवला होता.

दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर त्यांनी पक्कड घेतली आणि टाइपरायटरची शिफ्ट उपटली. पर्समध्ये रुमालात गुंडाळून ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटेची स्वारगेट गाडी धरली. कराड गेलं, सातारा गेला, बाईंनी सबंध वाटेत एक केळं खाल्लं. भाच्याचं नुकसान करायला एवढी तयारी करून कुणी आत्ती निघाली असेल असं वाटत नाही.

शिरवळला बैठकीच्या टेबलाशी पाच जण होते. जिनेंद्र बाईंच्या नजरेला नजर देईना. संयोगिता मॅडमच्या पुढ्यात सहीचा कागद होता. बाईंनी तो उचलला, पेन मागून घेतलं आणि आपल्याच ओळीवर आडवी रेघ मारली. मग झिजलेली कळ टेबलावर ठेवली.

"ही बगा, मॅडम. पस्तीस वर्षं मी शिकीवलं, मदोमद दाबा म्हणून. हे त्याचं फळ. तुमचा कीबोर्ड माज्या शिस्तीत बसणारांसाठी एक नंबर हाय. पण तसं कुणी बसत न्हाई. मी बी न्हाई."

मॅडमनी कळ बोटांत फिरवून बघितली, कडेवर अंगठा घासला आणि ती बाईंना परत दिली. मग उठून त्या सगळ्यांना यंत्राकडं घेऊन गेल्या. कृष्णात म्हणून यंत्रावरचा कामगार होता, त्याला म्हणाल्या, "बोट डावीकडं घे. पार कडेला. आणि कळ धरून ठेव."

लोखंडी बोट कडेवर टेकलं. पहिल्या मिनिटाला काही नाही. दुसऱ्या मिनिटाला पडद्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, लाल झाला, पुन्हा हिरवा झाला. कृष्णात म्हणाला, "आयला, सुटतंय की." जिनेंद्रनं मान खाली घातली.

"बैठक पुढं ढकलते," मॅडम म्हणाल्या. "जिनेंद्र, किती दिवस?"

"दिवाळीच्या आत देतो," तो पुटपुटला. त्या हो म्हणाल्या. फडताळ तूर्त टळलं.

जिनेंद्र बाईंना स्टँडवर सोडायला निघाला. वाटेत न राहवून म्हणाला, "तू गप बसली असतीस तर कुणाला कळलं असतं, आत्ती?"

"पळणाऱ्याला कळलं असतं, जिनू."

गाडी सुटताना खिडकीतून त्यानं पाण्याची बाटली आत दिली, आणि तेवढ्यावर बाईंनी साताऱ्यापर्यंत डोळे पुसले.

वसुबारसेच्या दुपारी जिनेंद्र नवं खोकं घेऊन आला. तार बदललेली, तिची टोकं जाड केलेली. शिवांजलीला बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. ती आली, टाचा जुळवून फौजी बसावा तशी ताठ बसली, मनगट उचललं, करंगळी मधोमध ठेवली आणि हुकमाची वाट बघत राहिली.

"मनगट टेक," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"टेक म्हणते न्हवं. खुर्चीत घसरून बस. घरी बसतीस तशी."

शिवांजलीनं घाबरत जिनेंद्रकडं बघितलं. "बाई, मी ताठ बसून खेळते की. सराव केलाय मी."

"तुजी तू बस, बाय. त्या दिवशी मी तुला उगंच बोलले. परीक्षा कीबोर्डची हाय, तुजी न्हाई."

पोरगी हळूहळू खुर्चीत घसरली. मनगट टेकलं, पंजा बाहेर वळला, करंगळी शिफ्टच्या डाव्या कडेवर जाऊन आडवी पडली. बाईंनी तिच्याकडं पाठ केली आणि ऐकायला लागल्या. शिफ्ट एकदा खाली गेल्याचा आवाज आला, भरीव, आणि ती खालीच राहिली. त्यावर बाकीच्या बोटांचा ताशा सुरू झाला. पहिला डाव, दुसरा डाव, तिसरा. सुभेदारांचा छावणीवरून व्हिडिओ कॉल चालू होता आणि त्यातून 'कव्हर घे' ऐकू येत होतं. शिवांजलीचा माणूस कुठंही थबकला नाही, आणि चौथ्या डावाला ती जिंकून किंचाळली तेव्हा जिनेंद्र खुर्चीवरून पडता पडता वाचला.

बाईंनी कोरा कागद घेतला आणि लिहिलं, 'पास.' मग टाइपरायटरपाशी गेल्या, पर्समधली जुनी शिफ्ट काढली आणि पक्कडीनं दाबून तिच्या जागी परत बसवली.